जांगड आलेली नाणी: टपालाने खरेदी करताना खरा खर्च किती?

पाकीट सकाळी अकराला आलं. कात्री लावण्याआधी ते चारी बाजूंनी मोबाइलवर टिपून घेतलं, मग जेवणाच्या टेबलावर पांढरा पंचा अंथरून उघडलं. आत पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये चिकटपट्टीनं बसवलेले बारा होल्डर, प्रत्येकात एक नाणं, कोपऱ्यात पेन्सिलीनं क्रमांक. सोबत हातानं लिहिलेली यादी होती: बारा नाणी, एकूण ९,४०० रुपये, मुदत दहा दिवस. या पाकिटासाठी मी तोवर एक रुपयाही दिलेला नव्हता.

यादीतले दोन रुपये राणी व्हिक्टोरियाचे होते, दोन्ही १८६२ सालचे. होल्डरची पिन सावकाश काढून पहिला काट्यावर ठेवला. ११.५७ ग्रॅम. दीडशे वर्षं हातोहात फिरलेल्या चांदीची एवढी झीज होणारच. दुसरा भरला ११.३१. फरक पाव ग्रॅमचा, पण तो दिसायला पहिल्यापेक्षा कमी झिजलेला होता. राणीच्या केसांच्या रेषा सुटसुटीत, मुकुटाची नक्षी स्पष्ट. कमी झिजलेलं नाणं हलकं का भरावं? कड भिंगाखाली फिरवत नेली, तर राणीच्या डोक्याच्या बरोबर वर, बाराच्या काट्याच्या जागी, कडेवरचे दाते सपाट झालेले. तिथे कानसेचे बारीक ओरखडे होते आणि आसपासची चांदी किंचित करडी पडलेली. हा रुपया कधीकाळी कुणाच्या गळ्यात होता. रुपयांच्या माळेसाठी त्याला कडी डाखवलेली होती, ती नंतर कापून घासून टाकली होती.

फोटोत यातलं काहीही दिसलं नसतं. फोटो समोरून काढतात, कडेवरून नाही. माळेतून सुटलेल्या नाण्याची किंमत जाणकार संग्राहक चांदीच्या भावावर आणून ठेवतो. यादीत मात्र दोन्ही रुपयांची किंमत सारखीच होती. दुसरा रुपया परत गेला, पहिला माझ्याकडे राहिला.

मी सांगलीत राहते. इथून जुन्या नाण्यांचं दुकान गाठायचं तर पुणे किंवा मुंबई. त्यामुळे वीस वर्षं माझी बरीचशी खरेदी टपालानंच होते आणि त्यातली मला सर्वांत आवडणारी पद्धत ही: माल आधी घरी, पसंत पडला तर पैसे, नाही तर परत. इंग्रजीत त्याला अप्रूव्हल म्हणतात, पण आपल्याकडे फार जुना शब्द आहे, जांगड. हिऱ्यांच्या बाजारात आजही दलाल जांगड चिठ्ठीवर माल घेऊन जातो. लग्नघरात चार साड्या पसंतीला आणून तीन परत करतात, तेही जांगडच. टपालाच्या नाण्यांत याच हक्काला खरी किंमत आहे, असं माझं ठाम मत झालं आहे. पाच-दहा टक्के जास्त मोजावे लागले तरी चालतील, पण नाणं हातात घेऊन, वजन करून, कड पाहून नकार देण्याची मुभा हवी.

ही मुभा फुकट मात्र नसते. म्हणून आधी खर्चाचं बोलू.

पाकिटाचा हिशेब

त्या पाकिटातली चार नाणी मी ठेवली, किंमत ३,१०० रुपये. पाठवणीचे १०० रुपये व्यापाऱ्यानं बिलात धरले. आठ नाणी परत पाठवायला विम्यासह १३० रुपये लागले, पुठ्ठा-पाकीट-चिकटपट्टीचे २०. म्हणजे नाण्यांच्या किमतीवर अडीचशे रुपये. ३,१०० वर अडीचशे म्हणजे आठ टक्के, ते मला मान्य आहेत. पण समजा, मी ४०० रुपयांचं एकच नाणं ठेवलं असतं, तर तेच अडीचशे रुपये त्या एका नाण्यावर बसले असते आणि ४०० चं नाणं ६५० ला पडलं असतं.

म्हणून पहिला नियम: शंभर-दोनशेच्या नाण्यांसाठी जांगड मागवू नये. अशी नाणी प्रदर्शनात हातानं निवडावीत. पुण्यात इंटरनॅशनल कलेक्टर्स सोसायटी ऑफ रेअर आयटम्स ही संस्था 'कॉइनेक्स' भरवते, मुंबईतही संग्राहकांच्या संस्थांची प्रदर्शनं होतात. तिथे टेबलावर परड्यांमध्ये नाणी ओतलेली असतात आणि टपालखर्च शून्य. जांगड शोभतं ते पाचशेच्या पुढच्या नाण्याला, जिथे दर्जातल्या एका पायरीनं किंमत दुप्पट होते.

दुसरा खर्च अडकलेल्या पैशांचा. निखळ जांगड, म्हणजे एक पैसाही न देता पाकीट, हे फक्त ओळखीच्या गिऱ्हाइकाला मिळतं. नव्या माणसाकडून व्यापारी अनामत मागतो किंवा पूर्ण रक्कम आधी घेऊन 'सात दिवसांत परत केल्यास पैसे परत' असं सांगतो. ऐकायला दोन्ही सारखंच वाटतं, पण तसं नाही. निखळ जांगडात नाणंही तुमच्याकडे आणि पैसाही तुमच्याकडे. आगाऊ रक्कम दिलीत की परतीचं पाकीट त्याला पोचेपर्यंत, तो तपासेपर्यंत आणि त्याला सवड होईपर्यंत तुमचे पैसे त्याच्या खात्यात. तेव्हा पैसे किती दिवसांत परत, कशानं परत, आणि पूर्ण परत की पुढच्या खरेदीसाठी जमा, हे आधीच लिहून घ्यावं. 'पुढच्या खरेदीत वळते करू' याला मी परतावा म्हणत नाही.

तिसरा खर्च कराचा. संग्राह्य नाण्यांवर जीएसटी ५ टक्के आहे. यादीतल्या किमती करासह आहेत की कराशिवाय, ते विचारावं. नोंदणी नसलेल्या छोट्या व्यापाऱ्याला जीएसटी लावताच येत नाही, त्यामुळे बिलावर कर दिसला की शेजारी जीएसटी क्रमांकही दिसला पाहिजे.

साधनांचा खर्च एकदाच होतो. दशांशाच्या दुसऱ्या स्थानापर्यंत दाखवणारा खिशातला डिजिटल काटा आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग, दोन्ही मिळून हजाराच्या आत येतात. हे हजार रुपये पहिल्या नाण्याच्या आधी खर्च करा. काटा नसेल तर जांगडाच्या मुदतीला काही अर्थ उरत नाही, कारण तुम्ही तपासणार कशानं?

गप्प राहिलात तर नाणं तुमचं

माझी एक चूक सांगते. सुरुवातीच्या वर्षात असंच एक पाकीट आलं, मुदत दहा दिवसांची. मधे कोल्हापूरला घरचं लग्न निघालं आणि पाकीट कपाटात राहिलं. सोळाव्या दिवशी फोन केला तर पलीकडून शांतपणे उत्तर आलं, 'ताई, आता ती नाणी तुमची झाली, बिल पाठवलं आहे.' मला हवी होती दोन, पैसे भरावे लागले सगळ्यांचे. तेव्हा राग आला. नंतर कायदा वाचला, तेव्हा कळलं की तो बरोबर होता.

१९३० च्या मालविक्री कायद्याचं कलम २४ याच व्यवहारासाठी आहे. पसंतीवर किंवा 'विका नाही तर परत करा' या बोलीवर दिलेल्या मालाची मालकी तीन रीतींनी गिऱ्हाइकाकडे जाते. त्यानं पसंती कळवली, तर. त्यानं पसंती दर्शवणारी कृती केली, म्हणजे नाणं विकलं, गहाण टाकलं, कुणाला भेट दिलं, तर. आणि तिसरी, नवख्यांना पकडणारी: नकार न कळवता माल मुदतीपलीकडे ठेवून घेतला, तर. मुदत ठरलेली नसेल तर 'वाजवी काळ' धरतात, आणि वाजवी म्हणजे किती यावर नंतर वाद होतो. म्हणून पाकिटावर मुदत नसेल तर आपणच ती लिहून मागावी.

'नकार कळवणं' आणि 'माल परत पोचणं' या वेगळ्या गोष्टी आहेत. मुदतीच्या आत नकार कळवायचा. मी आता पाकीट उघडल्याच्या दुसऱ्या दिवशीच यादीचा फोटो काढते, ठेवलेल्या नाण्यांवर बरोबरची खूण, परत जाणाऱ्यांवर फुली, आणि तो व्हॉट्सअ‍ॅपवर व ई-मेलवर दोन्हीकडे पाठवते. पाकीट टपालात पडायला चार दिवस लागले तरी नकाराची तारीख नोंदली गेलेली असते.

नाणी तुमच्या घरात आहेत तोवर ती नीट सांभाळायची जबाबदारी तुमची. चिंचेनं घासून 'बघू तरी कशी चमकतात' हा मोह झाला, की ते नाणं परत घ्यायला व्यापारी बांधील राहत नाही, आणि राहू नयेच. जुन्या तांब्यावरची तपकिरी छटा आणि जुन्या चांदीवरचा करडा थर यांनाच संग्राहक पैसे मोजतो. घासलेलं नाणं कायमचं घासलेलंच राहतं.

चांदीचं गणित

ब्रिटिश अमलातल्या रुपयाचं वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. हाच आपला जुना तोळा. सराफाकडे हल्ली तोळा दहा ग्रॅमचा धरतात, त्यामुळे हा संबंध विस्मरणात गेला आहे. या रुपयात बारा भागांत अकरा भाग चांदी, म्हणजे १०.६९ ग्रॅम. त्या दिवशीचा चांदीचा भाव घ्यायचा आणि गुणायचं. किलोला एक लाख असेल तर रुपयात १,०६९ रुपयांची चांदी, दोन लाख असेल तर २,१३८ ची. यादीतली किंमत या आकड्याच्या वर किती आहे, तेवढेच पैसे तुम्ही 'नाणं' म्हणून देत आहात. बाकीचे चांदीचे.

हे गणित केल्याशिवाय १८६२ चा रुपया घेऊ नये. साल जुनं दिसतं म्हणून तो दुर्मीळ वाटतो, पण टाकसाळी १८७४ पर्यंत त्याच सालाचा ठसा वापरत राहिल्या, त्यामुळे व्हिक्टोरियाच्या रुपयांत हाच सर्वांत मुबलक. मध्यम दर्जाच्या १८६२ ला चांदीच्या फार वर मोजायचं कारण नाही.

सहावा जॉर्ज आला की गणित बदलतं. १९४० पासून रुपयात चांदी निम्मीच, म्हणजे ५.८३ ग्रॅम. आणि १९४७ चा, मागे वाघ असलेला रुपया तर निकेलचा. तो चुंबकाला चिकटतो, चांदीचा चिकटत नाही. फ्रिजवर लावतात तसं लहानसं चुंबक टेबलावर असू द्यावं. स्वातंत्र्यानंतरचं उदाहरण द्यायचं तर १९६९ चं गांधी जन्मशताब्दीचं दहा रुपयांचं नाणं: १५ ग्रॅम, त्यात ८० टक्के म्हणजे १२ ग्रॅम चांदी.

दोन सालांच्या रुपयांबाबत मी काटा आणि भिंग यांच्यावरही विसंबत नाही. एक १९११ चा पाचव्या जॉर्जचा रुपया. बादशहाच्या अंगरख्यावरचा हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, म्हणून बोभाटा झाला आणि नाणी मागे घेतली गेली. दुसरा १९३९ चा सहाव्या जॉर्जचा, पूर्ण चांदीच्या रुपयांतला शेवटचा आणि फार कमी बाहेर आलेला. या दोन्हींच्या नावावर खोटी आणि साल बदललेली नाणी फिरतात. शेवटच्या आकड्याभोवती धातू खरवडल्यासारखा वाटला, आकड्याची उंची शेजाऱ्यापेक्षा वेगळी दिसली की परत पाठवायचं. ही दोन नाणी घ्यायचीच तर एनजीसी किंवा पीसीजीएस यांच्यासारख्या संस्थेनं तपासून बंद पेटीत घातलेली घ्यावीत, आणि पेटीवरचा क्रमांक त्या संस्थेच्या संकेतस्थळावर घालून फोटो जुळतो का पाहावं. त्यांच्या लेबलावरचा आकडा १ ते ७० या मापातला असतो. ७० म्हणजे निर्दोष.

शिवराईला वजनाची कसोटी चालत नाही. ती हातानं पाडलेली, जाडी आणि वजन कमीजास्त, कधी अर्धं अक्षर नाण्याबाहेर गेलेलं. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. महाराजांनी १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी सुरू केलेलं हे तांब्याचं नाणं त्यांच्यानंतरही दीडशे वर्षांहून अधिक काळ निरनिराळ्या टाकसाळींत पडत राहिलं. त्यामुळे यादीत नुसतं 'शिवराई, शिवकालीन' असं असेल तर मी पहिला प्रश्न विचारते: कशावरून शिवकालीन? बाजारात मुबलक मिळते ती दोन ओळींच्या मध्ये दुहेरी रेघ असलेली दुदांडी शिवराई, आणि ती पेशवाईतली. ती स्वस्त आहे, सुंदर आहे, घ्यावीच. पण पेशवाईच्या नाण्याला महाराजांच्या काळाची किंमत मोजू नये. महाराजांचं नाव आलं की आपला हात सैल सुटतो, हे विकणाऱ्यालाही ठाऊक असतं. सोन्याचा होन कुणी टपालानं, फोटोवर, घाईनं विकू पाहत असेल तर तिथे बोलणं थांबवावं.

अस्सल नाण्याची नजर बसवायला पैसे लागत नाहीत, फेऱ्या लागतात. मुंबईत फोर्टमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाणे संग्रहालय आहे, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात नाण्यांचं दालन आहे, नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्र संशोधन संस्थेचं संग्रहालय आहे. तीन ठिकाणी तासभर काचेसमोर उभं राहिल्यावर खोटी शिवराई निदान संशयास्पद तरी वाटू लागते.

टपाल

पूर्वी संग्राहक एकाच गोष्टीवर विसंबत: रजिस्टर्ड पोस्ट. २०२५ मध्ये ती सेवा स्पीड पोस्टात विलीन झाली. १ ऑक्टोबर २०२५ पासून स्पीड पोस्टवर 'नोंदणी' आणि 'ओटीपी देऊन वाटप' या दोन जोडसेवा मिळतात, प्रत्येकी ५ रुपये अधिक जीएसटी. पाकीट पत्त्यावरच्या व्यक्तीच्याच हातात पडावं यासाठी नोंदणी, आणि शेजाऱ्याकडे सोडून गेले असं होऊ नये म्हणून ओटीपी. दहा रुपयांचा हा खर्च टाळू नये. नाणी हजारांच्या घरात असतील तर विमाही काढावा. विमा नसलेलं टपाल हरवलं तर मिळणारी भरपाई नाण्यांच्या किमतीच्या जवळपासही जात नाही.

परतीच्या वाटेत पाकीट हरवलं तर कुणाचं नुकसान, हे जांगड सुरू होण्याआधी लेखी ठरवून घ्या. मी असं ठरवते की व्यापारी सांगेल त्या पद्धतीनं आणि त्या रकमेच्या विम्यानं मी पाठवीन, पावती पाठवीन, त्यानंतरची जोखीम त्याची. दोघा-तिघांनी हे मान्य केलं नाही. त्यांच्याशी मी व्यवहार केला नाही.

बांधणी अशी करा की पाकीट हलवलं तर आवाज येता कामा नये. नाणं खुळखुळलं की आत काय आहे ते वाटेतल्या प्रत्येकाला कळतं, आणि कडाही ठेचकाळतात. पाकिटावर 'नाणी' हा शब्द किंवा नाण्यांच्या दुकानाचं नाव नको. आणि मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या खिशात नाणी आली असतील तर ठेवायची लगेच काढून घ्या. त्या पीव्हीसीतून काही वर्षांनी हिरवट चिकट थर सुटतो आणि तांब्याला खातो.

दुसऱ्या वाटा

व्हीपी आणि तिचा आजचा अवतार, म्हणजे दारात पैसे देऊन पाकीट घेणं, हे जांगडाच्या बरोबर उलट आहे. पैसे आधी, दर्शन नंतर. अनोळखी माणसाकडून व्हीपीनं नाणं मागवू नये.

सरकारी टाकसाळीची स्मारक नाणी आणि प्रूफ संच त्यांच्या संकेतस्थळावरून थेट मिळतात. इथे जांगड नाही, पण अस्सलपणाची चिंताही नाही. चिंता असते ती वाट पाहण्याची. आणि नोंदणी संपली की तीच नाणी बाहेर चढ्या भावानं विकायला येतात. २०२३ च्या नव्या संसद भवनाचं ७५ रुपयांचं नाणं ३५ ग्रॅमचं, त्यात चांदी निम्मी. हे ठाऊक असलं की बाहेरची किंमत किती फुगली आहे ते मोजता येतं.

लिलावात हातोडा पडतो त्या रकमेवर साधारण १५ ते २० टक्के खरेदीदाराचं शुल्क, शुल्कावर कर आणि टपाल निराळं. बोली लावताना हे सगळं धरून वरची मर्यादा कागदावर लिहावी.

अमेरिकेतल्या नातेवाइकांसाठी

टपालानं अप्रूव्हल हा प्रकार मोठा झाला तो अमेरिकेत, आधी तिकिटांसाठी, मग नाण्यांसाठी. न्यू हॅम्पशायरमधली लिटलटन कॉइन कंपनी १९४५ पासून टपालावर चालते. पद्धत साधी असते: जाहिरातीत एखादं नाणं अगदी स्वस्त दाखवतात, ते मागवलं की त्याच्यासोबत पसंतीसाठी आणखी नाणी येतात, हवी ती ठेवून बाकीची साधारण पंधरा दिवसांत परत करायची, आणि तुम्ही थांबवेपर्यंत दर काही आठवड्यांनी नवं पाकीट. न्यू जर्सीत किंवा टेक्सासात वाढणाऱ्या आपल्या मुलांच्या हातात ५० राज्यांच्या क्वार्टरचा अल्बम येतो तो बहुधा याच वाटेनं. १९९९ ते २००८ या दहा वर्षांत दरवर्षी पाच राज्यं याप्रमाणे ती क्वार्टर निघाली. दुकानाच्या गल्ल्यात आजही ती पंचवीस सेंटलाच मिळतात. पाकिटातलं चकचकीत, न वापरलेलं नाणं त्याच्या कित्येक पट असतं, कारण त्या किमतीत जाहिरात, छपाई, टपाल आणि न परतलेल्या पाकिटांचा तोटा हे सगळं धरलेलं असतं. मुलाला गोडी लागावी म्हणून सहा महिने हे चालू ठेवायला हरकत नाही. मात्र पहिल्या मागणीच्या फॉर्मवरचा बारीक मजकूर आईबाबांनी वाचावा, आणि थांबवायचं तेव्हा लेखी कळवावं.

तिथला एक कायदा उपयोगी आहे. अजिबात न मागवलेली वस्तू टपालानं आली तर १९७० च्या संघीय कायद्यानुसार ती भेट मानली जाते, पैसे द्यावे लागत नाहीत. पण स्वस्त नाण्यासोबत अप्रूव्हल येतील असं फॉर्मवर लिहिलेलं असेल आणि तुम्ही तो भरला असेल, तर ती 'न मागवलेली' राहत नाहीत.

उलट दिशेची गोष्ट जास्त गंभीर. 'मामा, दोन शिवराया पोस्टानं पाठव ना,' असा निरोप तिकडून येतो. पाठवू नका. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार १०० वर्षांहून जुनं नाणं ही पुरावस्तू आहे आणि ती देशाबाहेर पाठवणं खासगी व्यक्तीला मना आहे. कैदेची तरतूद आहे, किमान सहा महिने, कमाल तीन वर्षं. सामानात नेणंही त्यातच आलं. याच कायद्यानं पुरावस्तूंच्या व्यापाऱ्याला परवाना लागतो. जुनी नाणी विकणाऱ्याकडे तो आहे का, हे विचारायला संकोच करू नये.

'शेत नांगरताना हंडा सापडला, त्यातली नाणी आहेत' असा फोन आला तर तो तिथेच ठेवावा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानं दहा रुपयांहून जास्त किमतीचं गुप्तधन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्याला कळवणं बंधनकारक आहे. फोनवरची गोष्ट खरी असेल तर माल बेकायदा आहे, खोटी असेल तर नाणी पितळेची आहेत. आणि 'तुमच्याकडचं वैष्णोदेवीचं पाच रुपयांचं नाणं लाखोंना घेतो, आधी नोंदणी शुल्क भरा' म्हणणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेनंच ऑगस्ट २०२१ मध्ये सावध केलं आहे. जुनी नाणी किंवा नोटा यांच्या व्यवहारात ती कधीच भाग घेत नाही आणि शुल्क घेत नाही.

बिनसलं तर

बिल न देणं आणि सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, मुदत नसेल तर ३० दिवसांत, परत घेऊन पैसे न देणं, या दोन्ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहेत. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा. तिथे सुटलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. व्यापारी कोलकात्याचा असो की जयपूरचा, तुम्ही राहता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, आणि मुदत दोन वर्षांची. लागतं काय? यादी, बिल, पाकिटाचे न उघडलेल्या अवस्थेतले फोटो, काट्यावरच्या नाण्याचा आकड्यासह फोटो, नकाराचा निरोप. म्हणून पहिल्या दिवसापासून हे सगळं एका फोल्डरमध्ये ठेवायचं.

नवीन सुरुवात करणाऱ्याला मी थेट जांगड मागवायला सांगत नाही. आधी प्रदर्शनातून पाच नाणी हातानं गोळा करा: १९९० चा डॉ. आंबेडकरांचा रुपया, १९९९ चा ज्ञानेश्वरांचा रुपया, त्याच वर्षीचे शिवाजी महाराजांचे दोन रुपये, २००२ चे तुकारामांचे दोन रुपये, २००७ चे लोकमान्यांचे पाच रुपये. वापरलेल्या अवस्थेत पाचही मिळून एका थाळीच्या पैशांत येतात. त्यांच्यावर सालाखालची टाकसाळीची खूण ओळखायला शिका: मुंबईचा हिरा, हैदराबादचा तारा, नोएडाचा ठिपका, कोलकात्याला खूणच नाही. डोळा इतका तयार झाला की मग पहिलं पाकीट मागवा. मी नव्या व्यापाऱ्याला पाठवते तो निरोप असा आहे, तसाच वापरा:

'नमस्कार. ब्रिटिश इंडियाचे चांदीचे रुपये, दर्जा व्हेरी फाइन किंवा वर, प्रत्येकी अमुक रुपयांपर्यंत, जास्तीत जास्त सहा नाणी जांगड पाहायची आहेत. प्रत्येक नाण्याचं वजन यादीत लिहावं. घासलेलं, कडी काढलेलं किंवा दुरुस्त केलेलं असल्यास तसं नमूद करावं. मुदत पाकीट मिळाल्यापासून दहा दिवस. नकार व्हॉट्सअ‍ॅपवर कळवला की ग्राह्य धरावा. जाण्याचा टपालखर्च आपला, परतीचा माझा, परतीचा विमा आपण सांगाल तेवढा, पावती दाखवल्यावर जोखीम आपली. ठेवलेल्या नाण्यांचं बिल द्यावं. मान्य असल्यास कळवा, पत्ता पाठवते.'